टॉन्सिलला पू झाला? गोळ्या मध्येच सोडू नका

घोट गिळवत नाही, अंगात ताप आणि टॉन्सिलवर पांढरे-पिवळे ठिपके. अशा वेळी मेडिकलमधून दोन दिवसांच्या गोळ्या आणल्या जातात. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो. वर्धा जिल्ह्यातल्या गावांत कापूस वेचणीची घाई असते आणि उरलेल्या गोळ्या विसरल्या जातात. धोका इथेच आहे.

मुळात बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते. सर्दी, खोकला, बसलेला आवाज ही त्याची लक्षणे. त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. मात्र खोकला नसेल, ताप जास्त असेल आणि जबड्याखालच्या गाठी दुखत असतील, तर स्ट्रेप्टोकोकस जंतूची शक्यता वाढते. तपासणीनंतर डॉक्टर बहुधा पेनिसिलिन गटातले औषध देतात, सहसा १० दिवसांसाठी. बरे वाटले तरी ते पूर्ण घ्यावे. जंतू शिल्लक राहिले तर २-३ आठवड्यांनी संधिवाताचा ताप येऊ शकतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. ५ ते १५ वर्षांच्या मुलांना हा धोका अधिक असतो.

कधी टॉन्सिलच्या बाजूला पू साठून गळू होते. एकाच बाजूला ठणका लागतो, तोंड उघडत नाही, लाळ गळते, आवाज तोंडात घास धरल्यासारखा येतो. इथे नुसत्या गोळ्या बहुधा पुरत नाहीत. घसा बधिर करून सुईने किंवा लहानसा छेद घेऊन पू काढावा लागतो. घरी बोट घालून किंवा दाबून तो काढू नये. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय येथे कान-नाक-घसा तज्ज्ञ असतात. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर वेळ न दवडता १०८ला फोन करावा. घशात करडा, घट्ट चिकटलेला पापुद्रा दिसला तर तो घटसर्प असू शकतो. तेव्हाही लगेच रुग्णालय गाठावे.

कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, भरपूर पाणी, मऊ भात आणि पॅरासिटामॉल यांनी आराम पडतो; जंतू मात्र मरत नाहीत. वर्षात ७ वेळा किंवा सलग दोन वर्षे दरवर्षी ५ वेळा असा त्रास झाला, तर टॉन्सिल काढण्याविषयी तज्ज्ञांशी बोलावे.