शिवारात चालणारा फोन

फोन कोणता घ्यावा हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे आपणांपैकी काहींच्या मनात आलेच असेल. दुकानात जावे, खिशाकडे पाहावे आणि घ्यावा. त्यात बोलण्यासारखे ते काय! पण ईट काय किंवा भूम तालुक्यातले दुसरे कोणतेही गाव काय, आज शेतकऱ्याचे पीक सरकारदरबारी नोंदले जाते ते बहुतांशी फोनमधूनच. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी तलाठी पीकपेरा लिहीत असत. आता आपण स्वतःच आपल्या गटात उभे राहून पिकाचे छायाचित्र घ्यावयाचे आणि नोंद करावयाची. २०२३ च्या खरिपातील कापूस व सोयाबीन यांसाठी सरकारने पुढल्या वर्षी हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, देण्याचे ठरविले, तेव्हा पहिली अट हीच होती, की ई-पीक पाहणीत नोंद हवी. पुष्कळ ओरड झाल्यावर ती अट सैल झाली, हे खरे. परंतु तोवर ज्यांची नोंद राहून गेली होती त्यांच्या जिवाला घोर लागलाच. अशी नोंद राहण्याचा सगळा दोष फोनाच्या माथी मारणे बरोबर नाही. कधी रेंज नसते, कधी पलीकडचे यंत्रच कोलमडलेले असते. पण फोनाचा वाटा त्यात असतो, आणि तेवढाच आपल्या हातात आहे.

स्वस्त आणि परवडणारे या दोन शब्दांत आपण गल्लत करतो. याचे मोठे उदाहरण आपल्याच राज्यात घडले आहे. २०१९ मध्ये अंगणवाडी सेविकांना कामासाठी फोन देण्यात आले. त्यांची रॅम, म्हणजे तात्पुरती स्मृती, २ जीबी होती. पुढे २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर हे नवे अ‍ॅप आले. त्याचा भार त्या फोनांना पेलवेना. ते तापू लागले, मध्येच थबकू लागले, आणि दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या मानधनातून जाऊ लागला. अ‍ॅप मराठीत नाही, ही तक्रार आणखी निराळी. अखेर ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरच्या सेविकांनी ते फोन कार्यालयात नेऊन परत केले. मला या प्रकरणात महत्त्वाचे वाटते ते हे, की घेताना फोन कामाला पुरत होता. दोन वर्षांत काम वाढले आणि फोन तेवढाच राहिला. म्हणून आजच्या कामापुरता फोन घेणारा मनुष्य वास्तविक कालचा फोन घेत असतो.

रॅम आणि साठवण यांतला भेद येथेच सांगतो, कारण दुकानदार दोन्ही आकडे एका दमात म्हणतो. साठवण म्हणजे घरातली कोठी, आणि रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. कोठी कितीही मोठी असली तरी ओटा वीतभर असेल, तर परात ठेवायला तवा उचलावा लागतो. छायाचित्र घेता घेता अ‍ॅप बंद होते आणि पुन्हा पहिल्यापासून सगळी माहिती भरावी लागते, ती याचमुळे. आजच्या घडीला ४ जीबीहून कमी रॅम घेऊ नये. ६ मिळाली तर उत्तम. साठवण १२८ जीबी असावी, ६४ ला ओढाताण होते. जाहिरातीत "४ अधिक ४, मिळून ८" असे लिहिलेले आढळले तर सावध राहावे. ती दुसरी चार कोठीतलीच जागा उसनी घेतलेली असते, आणि कोठीतला पाट काही ओट्याचे काम करीत नाही.

आता शेतातल्या कामाचा प्राण जो, त्या जीपीएसकडे वळू. आपण गटाजवळ उभे आहोत की घरी खाटेवर बसून नोंद करीत आहोत, हे अ‍ॅपला त्याच्यामुळे कळते. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून उपग्रह फिरत असतात आणि स्वतःची वेळ व जागा अखंड सांगत असतात. संदेश पोहोचायला किती वेळ लागला यावरून फोन अंतर काढतो. तीन उपग्रहांच्या अंतरांवरून जागा ठरावी, पण फोनातले घड्याळ उपग्रहातल्या अणुघड्याळाइतके अचूक नसते. ती चूक काढून टाकण्यासाठी चौथा उपग्रह लागतो. मोकळ्या आकाशाखाली चांगला फोन सुमारे ५ मीटरपर्यंत बरोबर जागा दाखवितो. चिंचेच्या दाट सावलीत किंवा भिंतीला टेकून उभे राहिलात तर तोच फोन चुकतो, आणि आपण फोनाला बोल लावतो.

यातली एक खुबी फार थोड्यांना ठाऊक असते. उपग्रह स्वतः नेमका कोठे आहे हे तो फोनाला सांगतो, ते अत्यंत संथपणे, सेकंदाला अवघी ५० अक्षरचिन्हे (शून्य किंवा एक) या गतीने. ती माहिती पुरी हाती यायला अर्धा मिनीट तरी लागते, आणि मध्ये खंड पडला तर पुन्हा थांबावे लागते. गावात रेंज असेल तर फोन तीच माहिती इंटरनेटवरून क्षणात मिळवितो, आणि ती पुढे काही तास उपयोगी पडते. तेव्हा ज्यांचे रान रेंजच्या बाहेर आहे, त्यांनी निघताना गावातच एकदा नकाशा उघडून आपली जागा पाहून घ्यावी. रानात पोहोचल्यावर हातात फोन धरून देवाचा धावा करण्याची पाळी येणार नाही.

पडद्याविषयी मी अनुभवाने बोलतो. मागे एकदा मी स्वस्तात फोन घेतला. दुकानाच्या दिव्याखाली तो आरशासारखा लखलखत होता. चैत्रातल्या दुपारी बांधावर काढला तेव्हा त्यात फक्त माझे स्वतःचे तोंड दिसले. पुढे वर्षभर मी टोपीच्या सावलीत फोन पाहत असे. कारण सोपे आहे. खोलीतला उजेड चारपाचशे लक्स, तर उन्हातला सुमारे एक लाख. पडद्याचे तेज निट्स या मापात सांगतात. ४०० निट्सचा पडदा उन्हात निरुपयोगी. ८०० किंवा अधिक असेल तर काम भागते. खोक्यावरचा सर्वांत मोठा आकडा पुष्कळदा पडद्याच्या लहानशा भागापुरता आणि क्षणभराचा असतो. तेव्हा आकड्यावर न जाता फोन हातात घेऊन दुकानाबाहेर उन्हात यावे. जो दुकानदार बाहेर येऊ देत नाही, त्याच्याकडे घेऊ नये.

बॅटरी ५,००० एमएएचची बहुतेकांत असतेच. तिचा खरा शत्रू ऊन. मोटारसायकलच्या टाकीवरच्या पिशवीत फोन भाजत ठेवला तर वर्षातच ती निम्मी होते म्हणून कोणी रडू नये. दुसरे असे, की रेंज क्षीण असेल तिथे फोन टॉवर शोधण्यासाठी अधिक जोर लावतो आणि बॅटरी लवकर संपते. अशा जागी विमान मोड लावावा; बहुतेक फोनांत जीपीएस तरीही चालतो.

कॅमेऱ्याच्या मोठमोठ्या आकड्यांना भुलू नये. पिकाचे पान ओळखू आले, की झाले. ५जी नसले तरी या कामाचे काही अडत नाही. आपल्या शिवारात कोणत्या कंपनीची रेंज येते हे शेजाऱ्याला विचारणे त्याहून मोलाचे. आयपी५४ असे लिहिलेले असेल तर धुळीपासून बऱ्यापैकी बचाव आणि उडालेल्या पाण्यापासून रक्षण, एवढाच अर्थ घ्यावा. विहिरीत पडण्याचा तो परवाना नव्हे. मात्र कंपनी किती वर्षे सुधारणा पाठविणार हे अवश्य विचारावे. त्या थांबल्या, की प्रथम बँकेचे अ‍ॅप रुसते.

आता पैशाचा हिशेब. समजा, एक फोन ७,००० रुपयांचा, तो दीड वर्ष चालला. महिन्याला सुमारे ३९० रुपये पडले. दुसरा १२,००० चा, चार वर्षे चालला. महिन्याला २५० पडले. गरिबाला महाग पडतो तो पहिला. पण हातात बारा हजार एकदम नसतात, हीच तर गरिबी! अशा वेळी निकृष्ट नवा घेण्यापेक्षा चांगल्या प्रतीचा, वर्षा-दोन वर्षांचा वापरलेला फोन घेण्याचा सल्ला मी देईन. फक्त तो चोरीचा नाही याची खात्री हवी. फोनवर *#०६# दाबले की पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक दिसतो. केवायएम ही तीन अक्षरे इंग्रजीत लिहून, जागा सोडून तो क्रमांक १४४२२ वर संदेशाने पाठवावा. फोनाची कंपनी व मॉडेल कोणते, आणि तो काळ्या यादीत आहे काय, ते उत्तरात येते. उत्तर येईपर्यंत पैसे खिशातच ठेवावेत. व्यवहार झाल्यावर पावती घ्यावी आणि तो क्रमांक सातबाऱ्याच्या पिशवीत कागदावर लिहून ठेवावा. फोन हरवला तर फोनातच लिहिलेला क्रमांक कोणाच्या उपयोगाचा?