दोन जिल्ह्यांच्या पेपरांत एक तालुका

लंडनमध्ये कुणाच्या काखेत कोणता पेपर आहे, यावरून त्याची नोकरी, शिक्षण आणि मत यांचा अंदाज बांधायची जुनी सवय आहे. ‘टाइम्स’ साहेबाचा, ‘गार्डियन’ प्राध्यापकाचा, ‘डेली मेल’ मध्यमवर्गाचा आणि ‘सन’ कामगाराचा. दर्यापूरच्या बसस्थानकावर हा हिशेब चालत नाही. इथे एकच पेपर अडत्या वाचतो, गुरुजी वाचतात आणि चहाच्या टपरीवर तोच पेपर पान-पान सुटा होऊन दुपारपर्यंत फिरतो. इथला फरक ऐपतीचा नाही, जिल्ह्याचा आहे.

दर्यापूर अमरावती जिल्ह्यात आहे खरं, पण पश्चिमेला अकोट आणि दक्षिणेला मूर्तिजापूर हे दोन्ही तालुके अकोल्याचे. सोयरीक, बाजार, दवाखाना यांना जिल्ह्याची हद्द कळत नाही. पेपरला मात्र ती चांगली कळते. आवृत्तीची पानं जिल्ह्यावार बांधली जातात आणि अमरावतीच्या पानावर अकोटची बातमी सहसा येतच नाही. मुलगी अकोटला दिलेल्या बापाला मुंबईच्या मंत्रालयात काय चाललं ते सकाळी कळतं. लेकीच्या गावात गारपीट झाली, हे फोन आल्यावर कळतं.

ब्रिटनमध्ये असं का झालं नाही? देश लहान, रेल्वेचं जाळं दाट. लंडनला रात्री छापलेला पेपर सकाळी दूरच्या शहरांत पोचू लागला. 1855 मध्ये वर्तमानपत्रांवरचा मुद्रांक कर गेला आणि पेपर स्वस्त झाले. 1896 मध्ये हार्म्सवर्थने ‘डेली मेल’ अर्ध्या पेनीला काढला. सगळे पेपर सगळीकडे मिळू लागल्यावर गावावरून वाचक वाटून घेणं शक्य नव्हतं, म्हणून ते वर्गावरून वाटले गेले. मोठ्या पानाचा तो भारदस्त, छोट्या पानाचा तो चटपटीत, अशी ओळखच ठरून गेली. पुढे 2004 मध्ये ‘टाइम्स’ने आणि 2018 मध्ये ‘गार्डियन’ने छोटं पान स्वीकारलं. आकारावरून जात ओळखायची सोय गेली, वाचक मात्र बहुतेक तेच राहिले.

आपल्याकडेही पेपर एकेकाळी पक्षाचे आणि चळवळीचे होते. एडिंबरा आणि ऑक्सफर्डला शिकून आलेल्या डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत ‘महाराष्ट्र केसरी’ काढला. तो बहुजन समाजाची बाजू मांडण्यासाठी होता, आणि ते लपवण्याचं कारण त्यांना वाटलं नाही. अकोल्यात ब्रिजलाल बियाणींची ‘मातृभूमि’ काँग्रेसची. पेपर पाहून माणसाचा गट ओळखावा, असे ते दिवस होते. त्या अर्थाने वऱ्हाड तेव्हा लंडनच्या जवळ होतं.

मग आवृत्त्यांचा जमाना आला. यवतमाळशी नाळ असलेला ‘लोकमत’ 15 डिसेंबर 1971 रोजी नागपुरात दैनिक झाला आणि पुढे जिल्हा-जिल्ह्यात पसरला. दर्यापूरचा वाचक पहिलं पान चाळतो आणि थेट आतल्या जिल्ह्याच्या पानावर जातो. “आपल्या गावची बातमी हाय का, भाऊ?” हे विचारणं आधी, राजकारण मागून.

तरी शैलीत फरक आहेच. कापसाचा भाव पडला, ही एकच बातमी घ्या. अकोल्याचा ‘देशोन्नती’ ती रागानं मांडतो. प्रकाश पोहरे यांच्या या पेपरला शेतकऱ्याची बाजू घेण्यात संकोच नाही, आणि त्यांचं ‘प्रहार’ हे सदर वाचणारे ते आवडीनं वाचतात किंवा चिडून वाचतात. मोठ्या साखळीचे पेपर भावाचा आकडा देतात आणि शेजारी पुढाऱ्याच्या भेटीचा फोटो. 2005 मध्ये ‘सकाळ’ समूहाने काढलेला ‘ॲग्रोवन’ रागावत नाही. आवक किती, फवारणी कोणती, हे सांगून मोकळा होतो. लंडनच्या सराफ्याला जसा गुलाबी कागदाचा ‘फायनान्शियल टाइम्स’, तसा खारपाणपट्ट्यातल्या हरभरा-कपाशीवाल्याला हा. माझ्या मते मराठी पत्रकारितेने अलीकडे केलेलं हे सर्वांत शहाणं काम.

अमरावतीच्या ‘हिंदुस्थान’, ‘जनमाध्यम’, ‘अमरावती मंडल’ या पेपरांची तऱ्हा आणखी वेगळी. ते शहराच्या गल्लीचे. छोट्या पेपरांना जाहीर नोटिसा, निविदा आणि शासकीय जाहिराती तगवतात. शासनाच्या यादीत अ, ब, क असे वर्ग असतात आणि वर्गावर दर ठरतो. तालुक्याचा प्रतिनिधी बऱ्याचदा बातमीही देतो आणि वाढदिवसाची पुरवणीही भरतो. त्याला मानधन थोडं, कमिशन बरं. ज्याची पानभर जाहिरात आणली, त्याच्याच विरुद्ध बातमी त्यानं कशी लिहावी? ब्रिटनमध्ये मालकाच्या दडपणाची चर्चा होते, आपल्याकडे दडपण गल्लीतल्याच ओळखीचं असतं.

दर्यापूरकरांना एक सुचवणं आहे. अमरावतीचा पेपर घरी येतोच, तर शेजाऱ्याला अकोल्याचा लावायला सांगा आणि दहा वाजता अदलाबदल करा. पैसे एकाचेच पडतील, बातम्या दोन्ही जिल्ह्यांच्या मिळतील.