पिकांचे वैरी, लेखांक नववा : कडा करपा आणि मालीचे रानधान

गेल्या लेखांकी धानाच्या मानमोडीचा, म्हणजे बुरशीपासून उद्भवणाऱ्या करप्याचा, आपण परामर्श घेतला. त्याच धानाचा दुसरा वैरी बुरशी नसून जिवाणू आहे. आणि अर्जुनी मोरगाव तालुक्यात, विशेषतः केशोरीच्या बाजूला, जिथे इटियाडोह धरणाच्या पाण्यामुळे पावसाळी धानाच्या जोडीला उन्हाळी धानही घेता येते आणि त्यामुळे बांधीत वर्षाचे बरेच महिने हिरवे धान उभे असते, तिथे या वैऱ्याची ओळख असणे अगत्याचे आहे. कृषी खात्याच्या कागदोपत्री त्याला जिवाणूजन्य कडा करपा म्हणतात.

हा रोग पानाच्या मध्यभागी न दिसता टोकाला आणि कडेलाच प्रथम का दिसतो, या प्रश्नाच्या उत्तरात त्याचे अर्धे मर्म आहे. धानाच्या पानाच्या कडेला सूक्ष्म जलरंध्रे असतात. रात्री झाडाचे जादा पाणी त्यांवाटे थेंबाथेंबाने बाहेर पाझरते आणि सकाळी त्यातील काही पुन्हा आत ओढले जाते. या परतीच्या पाण्याबरोबर जिवाणू आत शिरतो व थेट जलवाहिन्यांत बस्तान बसवतो. वादळी पावसात पाने एकमेकांवर घासून पडणाऱ्या जखमा, किंवा रोवणीपूर्वी पऱ्ह्यांचे शेंडे कापण्याची कित्येक ठिकाणची जुनी रीत, यांनी त्याला आणखी वाटा मोकळ्या होतात. मग कडेचा पिवळसर पट्टा नागमोडी रेषेने आत सरकतो आणि पान पांढुरके पडून वाळते. युरियाची मात्रा सढळ हाताने दिलेल्या बांधीत हे लवकर घडते. संशय आल्यास रोगट पानाचा ताजा तुकडा स्वच्छ पाण्याच्या पेल्यात उभा धरावा. कापलेल्या टोकातून दुधाळ धार खाली उतरू लागली, तर निदानाला दुसऱ्या दाखल्याची गरज नाही. औषधाची फवारणी मात्र जलवाहिन्यांच्या आत दडलेल्या या वैऱ्यापर्यंत क्वचितच पोहोचते, म्हणून सारी भिस्त वाणाच्या अंगभूत प्रतिकारशक्तीवर येऊन ठेपते.

जपानच्या क्यूशू बेटावर १८८४ साली नोंदला गेलेला हा रोग आपल्या देशात प्रथम आढळला तो महाराष्ट्रातच, १९५१ च्या सुमारास तत्कालीन कुलाबा जिल्ह्यात. श्रीनिवासन, तिरुमलाचार आणि पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील विख्यात जिवाणुरोगतज्ज्ञ म. का. पटेल यांनी त्याचा वृत्तान्त १९५९ साली प्रसिद्ध केला. पुढे चारच वर्षांनी बिहारच्या शहाबाद जिल्ह्यात त्याची मोठी साथ उसळली, आणि किरकोळ समजला गेलेला हा रोग सरकारदरबारी चिंतेचा विषय झाला.

येथून आपली कथा परमुलखात जाते. जालंधर जिल्ह्यातील रुडकी या खेड्यात १९३५ साली जन्मलेले गुरुदेव सिंग खुश कॅलिफोर्नियात डेव्हिस येथे विद्यावाचस्पती झाले व १९६७ साली फिलिपाइन्समधील लॉस बान्योस येथील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत रुजू होऊन २००२ पर्यंत, म्हणजे जवळजवळ तीन तपे, तेथेच राहिले. संस्थेचा गाजलेला आयआर-८ हा वाण उत्पन्नात अजोड असला तरी कडा करप्याला सहज बळी पडत असे. त्यानंतरच्या आयआर-२० मध्ये प्रतिकारशक्ती आली ती मद्रासकडच्या टीकेएम-६ या जुन्या वाणाकडून; परंतु या शक्तीचे मूळ असलेले एक्सए-४ हे जनुक सर्वत्र पसरताच जिवाणूंमध्ये त्याला न जुमानणारा नवा वंश फिलिपाइन्समध्येच बळावला. एकाच जनुकावर विसंबून बांधलेला बंदोबस्त किती काळ टिकतो, हे तेव्हाच स्पष्ट झाले होते. तरी एकेका जनुकाचाच गाजावाजा करण्याची सवय आपल्याला आजही सुटलेली नाही.

मग उपाय निघाला तो एका रानटी गवतातून. आफ्रिकेतील माली देशातून आलेले, लांब परागकोशांचे एक बहुवर्षायू रानधान कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेत होते. देवदत्त या भारतीय रोगतज्ज्ञाला १९७७ च्या सुमारास असे आढळले की परीक्षिलेल्या सर्व भारतीय जिवाणुवंशांपुढे ते ताठ उभे राहते. दाण्याच्या दृष्टीने ते धान जवळजवळ कुचकामी. लॉस बान्योस येथे खुश व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा आयआर-२४ या वाणाशी संकर केला, आणि नको ते सारे गुण गाळून हवा तेवढा एकच ठेवण्यासाठी १९७८ ते १९९० असे पूर्ण एक तप पिढ्यांमागून पिढ्या पारखल्या. हाती आले ते एक्सए-२१.

डेव्हिस येथील पामेला रोनाल्ड यांच्या प्रयोगशाळेने १९९५ साली हे जनुक वेगळे काढले, तेव्हा त्याचे काम उलगडले: ते पेशीच्या आवरणावर बसणारा एक ग्राहक घडवते, आणि गावच्या कोतवालाप्रमाणे तो परका मनुष्य ओळखून आत वर्दी देतो. कोतवाल नेमके काय पाहून ओळखतो, याविषयी याच प्रयोगशाळेने २००९ साली दिलेले उत्तर तिनेच २०१३ मध्ये मागे घेतले, कारण जिवाणूंच्या साठ्यात एका वंशावर चुकीची चिठ्ठी लागल्याचे नव्याने आलेल्या संशोधकांच्या फेरतपासणीत उघड झाले होते. खरे उत्तर, रॅक्स-एक्स नावाचे छोटे प्रथिन, २०१५ साली मिळाले. प्रतिष्ठेपेक्षा दप्तर शुद्ध ठेवणे मोठे मानणारी माणसे प्रयोगशाळांत फार नसतात, म्हणून हा तपशील मला मुख्य शोधाइतकाच मोलाचा वाटतो.

हे जनुक पुढे हैदराबादेसही पोहोचले. तेथील तत्कालीन भात संशोधन संचालनालय आणि पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्र, म्हणजे रमेश सोंटी व त्यांचे सहकारी, यांनी सांबा मसुरी या लोकप्रिय वाणात एक्सए-२१ च्या जोडीला एक्सए-१३ आणि एक्सए-५ ही दोन जनुके संकराने आणली. एक्सए-१३ ची रीत न्यारी आहे: जिवाणू एरवी झाडाकडून साखर बाहेर सोडणारे दार उघडून घेतो, तर या जनुकाच्या बदललेल्या रूपात त्याचा हुकूमच चालत नाही. तिघांना एकदम चकवणे जिवाणूला अवघड जाते. सुधारित सांबा मसुरी २००८ साली प्रसारित झाली. तीत प्रयोगशाळेतून कोणतेही परके जनुक घुसडलेले नाही. जनुकांच्या खुणांच्या आधारे संकरित रोपांची निवड केली, एवढेच. काही वर्तमानपत्रे तिला सरसकट जनुकांतरित म्हणतात, ते अज्ञानाने.

आपल्या विदर्भात सांबा मसुरीपेक्षा एचएमटीसारख्या बारीक दाण्याच्या वाणांवर लोकांचा जीव अधिक, आणि साकोली व सिंदेवाही येथील केंद्रांत या भागासाठी निराळे वाण निघत आले आहेत. त्यांत ही तीन जनुके एकत्र ओवण्याचे काम शेतकऱ्याच्या हातचे नाही, ते केंद्रांचेच आहे. शेतकऱ्याच्या हाती उरते ते पऱ्ह्यांचे शेंडे न कापणे, युरिया हप्त्याहप्त्याने देणे, रोगट बांधीचे पाणी निरोगी बांधीत न सोडणे आणि पावसाळी धानाचे फुटवे व बांधावरचे गवत उन्हाळी पऱ्हे टाकण्यापूर्वी काढून टाकणे, कारण दोन हंगामांमधल्या दिवसांत जिवाणू तेथेच तग धरतो.

केशोरीच्या शेतांत मिरचीही होते आणि तिलाही एक जिवाणू उभ्या झाडानिशी मारतो. पुढील आठवड्यात त्या मर रोगाकडे वळू.