बंद खोल्यांतील धूळ आणि मुलांचा दमा

विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मानाने उशिरा, जून महिन्याच्या अखेरीस उघडतात. नागपूरचा उन्हाळा पाहता त्यास पर्यायही नाही. मात्र या व्यवस्थेचा एक परिणाम सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. उन्हाळाभर कुलूपबंद राहिलेल्या वर्गखोल्या बहुधा पहिला पाऊस पडून गेल्यावरच उघडल्या जातात. कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेल्या टाटपट्ट्या, छताची जळमटे, कपाटातील जुने कागद आणि ओल आलेल्या भिंतीवरील काळसर बुरशी हे सारे एकदम ढवळले जाते. ही झाडलोट अनेक ठिकाणी मुलेच करतात. दम्याचा विकार असलेल्या बालकाला शालेय वर्षातील हा दिवस फार जड जाऊ शकतो.

दम्यात श्वासनलिकांच्या आतील अस्तराला दीर्घकाळ सूज असते. ज्या पदार्थाचे वावडे असते त्याचे सूक्ष्म कण श्वासावाटे आत गेले, की नलिका आकसतात, त्यांत चिकट कफ साठतो आणि छातीत घरघर सुरू होते. पहाटेचा कोरडा खोकला हेही त्याचेच लक्षण असू शकते. हा रोग संसर्गजन्य नाही. अशा मुलास वेगळे बसविण्याचे काहीच कारण नाही.

वावडे उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत घरातील धुळीचे स्थान मोठे आहे. या धुळीत डोळ्यांना न दिसणारा, मिलिमीटरच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाएवढा एक कीटकसदृश जीव राहतो. माणसाच्या अंगावरून झडणारा त्वचेचा कोंडा हे त्याचे अन्न. त्याची विष्ठा हाच वावड्याचा प्रमुख घटक होय. नेदरलँडमधील लायडन येथील संशोधकांनी १९६० च्या दशकात दमा आणि हा धूळकिडा यांचा संबंध दाखवून दिला. हा जीव पाणी पीत नाही, हवेतील ओलावा शोषून जगतो. त्यामुळे नागपूरचे कोरडे एप्रिल-मे महिने त्याला मुळात प्रतिकूल आहेत.

पण घरोघरचा कूलर ही कोरडी हवा ओलसर करतो. अमेरिकेच्या कोरड्या पश्चिम भागातील पाहण्यांतही, पाण्यावर चालणारे कूलर असलेल्या घरांत धूळकिडे अधिक आढळले आहेत. शिवाय गतवर्षीच्या ताट्या तशाच ठेवून मार्चमध्ये कूलर सुरू केला, तर त्यांवरील बुरशीचे बीजाणू पंख्याच्या झोतासरशी खोलीभर पसरतात. कूलरवाचून नागपुरात राहावे असा सल्ला कोणी शहाणा देणार नाही. मात्र ताट्या दरवर्षी बदलणे, टाकीतील पाणी साचू न देता ती घासून कोरडी करणे आणि कूलर चालू असताना समोरची खिडकी उघडी ठेवणे एवढे अवश्य करता येते. पाऊस सुरू होताच तो बंद करावा. त्यानंतर तो गारवा कमी आणि ओल जास्त देतो.

याच उन्हाचा दुसरा उपयोगही आहे. गाद्या व रजया मे महिन्याच्या कडक उन्हात दिवसभर वाळविल्या, तर बरेच किडे मरतात. विष्ठेचे कण मात्र उन्हाने नाहीसे होत नाहीत. म्हणून अंथरूण मुलापासून दूर झटकावे व खोळी कढत पाण्यात धुवाव्यात. शाळेत हाच न्याय टाटपट्ट्यांना लावावा आणि खोल्या ओल्या फडक्याने पुसून, शाळा उघडण्याच्या चार दिवस आधीच मोकळ्या कराव्यात. पोषण आहाराचे धान्य झाकणबंद ठेवल्यास झुरळांचा उपद्रव कमी होतो. झुरळांचे अवशेषही दमा बळावण्यास कारणीभूत ठरतात. डासांच्या कॉइलचा धूर वावड्याचा नसला तरी सुजलेल्या नलिकांना तो सोसत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. या कार्यक्रमात तपासावयाच्या विकारांत श्वासनलिका आकसण्याच्या विकाराचा समावेश आहे. पथक शाळेत वर्षातून एकदा येते. धावताना मागे पडणारे, पावसाळ्यात वारंवार गैरहजर राहणारे मूल कामचुकार ठरविण्यापूर्वी शिक्षकांनी त्याचे नाव पथकाकडे द्यावे.

इनहेलरची सवय लागते, या समजुतीपायी पालक पंप दडवून ठेवतात, विशेषतः मुलींच्या बाबतीत. वस्तुतः त्यातील औषधाची मात्रा गोळीपेक्षा पुष्कळ कमी असते व ती थेट श्वासनलिकांत पोहोचते. तातडीचा पंप मुख्याध्यापकांच्या कुलपात न राहता मुलाच्या दप्तरात असावा. झटका आल्यास मुलाला आडवे न करता बसते ठेवावे व डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पंप द्यावा. बोलताना वाक्य पुरे होत नसेल अथवा ओठ निळसर दिसू लागले, तर पालकांची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.