मेळघाटातील प्रवाहांतील मासे : आहार व वाढ

अमरावती व अकोला जिल्ह्यांच्या उत्तरेस सातपुड्याच्या गाविलगड टेकड्यांतून वाहणाऱ्या प्रवाहांतील गोड्या पाण्याचे देशी मासे. सिपना, खापरा, गाडगा इ. नद्या उत्तरेकडे तापीला मिळतात. वान, शहानूर व चंद्रभागा या दक्षिणेकडे पूर्णेच्या खोऱ्यात उतरतात. पावसाळ्यात दुथडी भरणारे हे प्रवाह उन्हाळ्यात बहुतांशी डोहांपुरतेच उरतात. माशांचा आहार व वाढ या ऋतुचक्राशी निगडित आहेत.

आहार : माशाच्या मुखाच्या व आतड्याच्या रचनेवरून त्याचे अन्न ओळखता येते. मल्या (गारा मुल्या) या माशाचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये केले व त्याच्या मराठी नावावरूनच जातीला नाव दिले. त्याचे मुख डोक्याच्या खालच्या बाजूस असून खालच्या ओठाची चकतीसारखी चूषक रचना झालेली असते. तिच्या योगाने तो वेगवान प्रवाहात खडकाला धरून राहतो व त्यावरील शैवले खरवडून खातो. वनस्पतिज अन्नाचे पचन सावकाश होत असल्यामुळे त्याचे आतडे लांब व वेटोळ्यांचे असते. उलट, लहान मासे व बेडूक खाणाऱ्या मरळीचे आतडे आखूड असते. वाम रात्री बाहेर पडून कृमी व कीटकांचे डिंभ (अळ्या) खाते. खडस वा महसीर (टॉर प्रजाती) सर्वभक्षी आहे. त्याच्या जबड्यात दात नसतात, परंतु घशातील दातांनी तो गोगलगाईंची कवचे फोडतो. काठच्या वृक्षांची पाण्यात पडलेली फळेही तो खातो.

वाढ : मासे आयुष्यभर वाढतात, पण वाढीचा वेग सारखा नसतो. पुराबरोबर पालापाचोळा व कीटक प्रवाहात येतात व अन्न विपुल होते. उन्हाळ्यात डोहांत गर्दी होते, अन्न व ऑक्सिजन कमी पडतात आणि वाढ मंदावते. अशा काळात खवल्यांवरील वलये दाट होतात. त्यांवरून वयाचा अंदाज करतात.

उन्हाळ्यातील डोह हेच पुढील पिढीचे बीजस्थान होय. डोहात विष कालविल्यास अथवा सुरुंग लावल्यास सर्व वयांचे मासे एकदम मरतात. लवकर प्रौढ होणाऱ्या लहान जाती पुन्हा वाढू शकतात. प्रौढ होण्यास अनेक वर्षे घेणारा खडस मात्र सहजासहजी परत येत नाही. धरणांमुळे माशांचा वर जाण्याचा मार्गही खुंटतो. मेळघाट १९७३-७४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत समाविष्ट झाला. तेथे काठच्या वनाचे रक्षण झाले, म्हणजे माशांना सावली व अन्न ही दोन्ही मिळतात.