मुंबईची सुहैली

सन १९६३ च्या सुमारास मुंबईत एका लहानशा शिडाच्या नौकेची बांधणी सुरू झाली. तिची लांबी अवघी बत्तीस फूट, रुंदी अकरा फूट.  ती बांधणारे सुतार पिढीजात कारागीर होते. वाकसाने लाकूड तासावे, दोरीने फिरणाऱ्या सामत्याने भोके पाडावीत आणि डोळ्यांच्या अंदाजाने फळीला फळी भिडवावी, अशी त्यांची काम करण्याची जुनी रीत होती. नौकेचे मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे इंग्रज तरुण व्यापारी जहाजावर अधिकारी होते. इराणच्या आखातातील अरब खलाशी आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला ‘सुहैली’ म्हणतात. तेच नाव त्यांनी आपल्या नौकेला दिले. या नौकेच्या नशिबी पुढे काय वाढून ठेवले आहे, याची कल्पना त्या वेळी ना सुतारांना होती, ना मालकाला.

सुहैली बांधली होती ती आपल्याकडील सागवानाने. जहाजासाठी सागासारखे लाकूड दुसरे क्वचितच सापडेल. या लाकडात मुळातच एक प्रकारचे तेल असते. त्यामुळे ते पाण्यात सहजासहजी कुजत नाही, वाळवी त्याच्या वाटेला जात नाही आणि ओले-कोरडे होताना ते फारसे फुगत किंवा आकसतही नाही. मात्र लाकूड कितीही उत्तम असले, तरी लाकडी नौका अखंड नसते. ती शेकडो तुकड्यांची असते. तळाशी जाड कणा, त्यावर बरगड्यांसारख्या वाकवलेल्या कमानी आणि त्या कमानींवर ठोकलेल्या फळ्या, अशी तिची घडण असते. दोन फळ्यांमधील फटीत कापूस ठासून वरून लुकण भरतात, तेव्हा कोठे ती पाणी धरीनाशी होते. खवळलेल्या समुद्रात प्रत्येक लाटेबरोबर हे सारे सांधे किंचित हलतात. लाकडी नौकेचे खरे दुखणे फळ्यांत नसते, ते या सांध्यांत असते.

सुहैलीची पिछाडीही नाळेप्रमाणेच निमुळती आहे. नॉर्वे देशात वादळात सापडलेल्या कोळ्यांना वाचवण्यासाठी कॉलिन आर्चर या नौकाशिल्पीने अशा घाटाच्या नौका तयार केल्या होत्या. त्यांच्याच वळणावर सुहैलीचा आराखडा बेतलेला होता. मागून डोंगरासारखी लाट चालून आली, तर रुंद पिछाडीवर ती भिंतीवर आपटावी तशी आपटते. निमुळती पिछाडी मात्र तिला मधोमध दुभंगते आणि पाणी दोन्ही अंगांनी निघून जाते. अशी नौका धिमी असते खरी, परंतु वादळात वेगापेक्षा तगून राहणे अधिक मोलाचे असते.

सन १९६७ मध्ये फ्रान्सिस चिचेस्टर हे इंग्रज दर्यावर्दी एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. वाटेत सिडनी बंदरात ते एकदाच थांबले होते. आता कोठेही न थांबता, कोणाचीही मदत न घेता प्रदक्षिणा करणे तेवढे उरले होते. नॉक्स-जॉन्स्टन यांच्या मनाने ते घेतले. त्यासाठी त्यांना मोठी पोलादी नौका बांधावयाची होती आणि सुहैली विकावयासही त्यांनी काढली होती. परंतु पैसा उभा राहिला नाही. अखेर ‘जे आपल्याजवळ आहे, ते घेऊन जावे’ असे त्यांनी ठरवले. याच सुमारास एका इंग्रजी वृत्तपत्राने या साहसाला शर्यतीचे रूप दिले. नऊ जण निघाले. सुहैली ही त्या सर्वांमधील लहान आणि संथ नौकांपैकी एक होती. १४ जून १९६८ रोजी तिने इंग्लंडचे फालमथ बंदर सोडले. तेव्हा तिचे मालक एकोणतीस वर्षांचे होते.

पहिले संकट वादळाचे नव्हते. आफ्रिकेच्या पश्चिमेस समुद्र शांत असतानाही नौकेत रोज पाणी साचू लागले. नॉक्स-जॉन्स्टन बुडी मारून पाहतात तो मोठ्या डोलकाठीजवळ, पाण्याच्या पातळीखाली, दोन्ही बाजूंचे सांधे उघडलेले! नौका हलली की फट उघडे आणि मिटे. पुढे दक्षिणेच्या वादळी समुद्रात ही फट वाढली असती, तर नौकेचे मरण ठरलेले होते. गोऱ्या अंगाच्या चकाकीने शार्क मासे ओढले जाऊ नयेत म्हणून त्यांनी गडद निळा सदरा व विजार घातली आणि हातोडी घेऊन ते पाण्यात उतरले. श्वास रोखून फटीत कापूस दाबावा, तो ठोकून बसवण्यापूर्वीच पाण्याने बाहेर यावा, असे पुन्हा पुन्हा घडू लागले. मग त्यांनी किरमिजाच्या कापडाची पट्टी कापून तिच्यावर कापूस शिवला, तिला डांबर फासले आणि ती पट्टीच तांब्याच्या चुकांनी फटीवर ठोकली. तिच्यावर तांब्याचा पत्राही बसवावयाचा होता. इतक्यात एक शार्क मासा नौकेभोवती घिरट्या घालू लागला. त्यांनी वर येऊन बंदुकीने त्याचा समाचार घेतला, काही वेळ वाट पाहिली आणि पुन्हा पाण्यात उतरून काम पुरे केले. एवढा खटाटोप बंदरात केला असता, तर दोन सुतारांचे ते अर्ध्या दिवसाचे काम होते.

पृथ्वीच्या दक्षिण भागात चाळीस अक्षांशाच्या खाली समुद्राला अडवणारी जमीन जवळजवळ नाही. तेथे पश्चिमेचे वारे बारा महिने घोंघावतात आणि लाटा अखंड वाढत जातात. खलाशी या पट्ट्याला ‘गर्जणारे चाळीस’ असे म्हणतात. सप्टेंबरात सुहैली तेथे पोहोचली. एका रात्री नॉक्स-जॉन्स्टन झोपले असताना प्रचंड लाटेने तिला आडवे पाडले. खोलीतील सामान त्यांच्या अंगावर कोसळले. परंतु सुहैलीच्या कण्याखाली लोखंडाचे भक्कम वजन होते. बाहुलीचे बूड जड असले की ती कलंडूनही पुन्हा उभी राहते, त्याप्रमाणे सुहैली सावरून उभी राहिली. डोलकाठ्या शाबूत होत्या, पण खोलीचे छप्पर कडेने सुटू पाहत होते. ते उडाले असते, तर पुढच्याच लाटेने नौका भरली असती. त्यांनी बोल्ट ठोकून ते जखडून टाकले.

या झुंजीत त्यांनी एक युक्ती पारखून घेतली. वादळ फार वाढले की ते शिडे उतरवीत आणि एक लांबलचक जाड दोर पिछाडीकडून पाण्यात सोडीत. हा दोर लगामाचे काम करतो. नौका लाटेच्या उतरणीवरून भरधाव घसरू लागली की ती एकाएकी आडवी वळते आणि मग उलटते. मागचा दोर तिचा वेग रोखतो आणि पिछाडी लाटेकडेच राखतो. जुन्या शिडाच्या जहाजांवरील खलाशांनाही हा उपाय ठाऊक होता.

संकटे मात्र थांबली नाहीत. बिनतारी यंत्र बंद पडले. टाक्यांतील गोडे पाणी नासले, तेव्हा शिडावरून ओघळणारे पावसाचे पाणी साठवून प्यावे लागले. ऑस्ट्रेलियाजवळ आपोआप सुकाणू धरणारे साधन मोडले आणि निम्म्याहून अधिक प्रवास अजून बाकी होता. तेव्हा पुढच्या व मागच्या शिडांचा तोल असा काही साधावयाचा, की नौका आपली आपणच वाट धरील, हे त्यांनी आत्मसात केले. सुहैलीचा लांब कणा येथे उपयोगी पडला. न्यूझीलंडच्या किनाऱ्याजवळ ती वाळूत रुतली आणि भरती येताच सुटली. त्यानंतर साडेचार महिने जगाला तिची काहीही वार्ता नव्हती. १७ जानेवारी १९६९ रोजी तिने दक्षिण अमेरिकेचे केप हॉर्न हे टोक ओलांडले, हेही कोणाला कळले नाही.

२२ एप्रिल १९६९ रोजी, तीनशे बारा दिवसांनी, गंजाचे ओघळ अंगावर मिरवीत सुहैली फालमथला परतली. जकात अधिकाऱ्यांनी रिवाजाप्रमाणे विचारले, “कोठून आलात?” उत्तर मिळाले, “फालमथहून!” नऊ नौकांपैकी शर्यत पुरी करणारी ती एकटीच ठरली. कोठेही न थांबता एकट्याने केलेली ही जगातील पहिली पृथ्वीप्रदक्षिणा होय. शर्यतीत प्राण गमावलेल्या डोनाल्ड क्रोहर्स्ट यांच्या कुटुंबाला नॉक्स-जॉन्स्टन यांनी बक्षिसाचे पाच हजार पौंड देऊन टाकले.

सन २०१८ मध्ये त्या शर्यतीच्या स्मरणार्थ तशीच शर्यत पुन्हा झाली. तीत भारतीय नौदलातील अधिकारी अभिलाष टॉमी हे ‘थुरिया’ या नौकेतून निघाले. गोव्यात बांधलेली ही नौका सुहैलीचीच प्रतिकृती होती. हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळाने तिच्या डोलकाठ्या मोडल्या आणि टॉमी यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली. एका फ्रेंच जहाजाने त्यांना तीन दिवसांनी सुखरूप उचलले. घाट तोच, समुद्रही तोच, परंतु लाटेला कोणाचा वारसा विचारावयाची सवय नसते.

सुहैली काही वर्षे लंडनजवळच्या ग्रिनिच येथील सागरी संग्रहालयात ठेवलेली होती. तेथील कोरड्या हवेने तिच्या फळ्या आकसू लागल्या आणि सांधे उघडू लागले. पृथ्वीप्रदक्षिणेत तगलेली नौका छपराखाली मरू लागली, म्हणून मालकांनी तिला बाहेर काढली. मूळच्या खिळ्यांचे लोखंड गंजले होते. ते उपटून त्यांच्या जागी त्यांनी ब्राँझचे खिळे बसवले. त्या वेळी त्यांचे वय सत्तरीच्या आसपास होते. मुंबईच्या सागवानी फळ्यांतील बहुतेक मात्र बदलण्याची गरज पडली नाही.