आंबोलीच्या ढगांत दडलेले जीव

कामठा (जि. गोंदिया), प्रतिनिधी – हिवाळ्यात कामठा परिसरातील धानाच्या बांध्यांवर धुके उतरते आणि ऊन चढू लागले, की तासा-दोन तासांत विरून जाते. राज्याच्या दुसऱ्या टोकाला, सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोलीत मात्र जून ते सप्टेंबर असे चार महिने ढगच जमिनीवर मुक्कामाला असतात. सह्याद्रीच्या अशा माथ्यांवरून गेल्या काही वर्षांत नवे बेडूक, पाली, साप, मासे आणि वनस्पती यांची नोंद सातत्याने होत आहे. 'नवी प्रजाती सापडली' ही बातमी वाचताना तो जीव काल-परवाच अवतरला असावा, असा समज होतो. वास्तविक तो तेथे लाखो वर्षे नांदत असतो. नवे असते ते त्याचे नाव. आणि नाव नसलेला जीव कायद्याच्या लेखी नसतोच.

अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीच्या कड्याला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि माथ्यावरच त्यांचे ढग बनतात. हे ढग झाडांतून सरकताना पानांवर, शेवाळावर पाणी साचते आणि पाऊस थांबला तरी थेंब ठिबकत राहतात. अशा जंगलाला मेघवन म्हणतात. काटेकोर व्याख्येने मेघवने बहुधा याहून अधिक उंचीवर असतात. दक्षिणेतील निलगिरीची शोला वने हे त्याचे उदाहरण. आंबोलीची उंची सुमारे ७०० मीटर, त्यामुळे येथील जंगलाची गणना सदाहरित आणि निमसदाहरित वनांत होते. पण महिनोन्महिने ढगात बुडून राहण्याचा गुण तोच. ओलाव्यावर जगणाऱ्या लहान जिवाला एका माथ्यावरून दुसऱ्या माथ्यावर जाताना मधली कोरडी, तापलेली दरी ओलांडता येत नाही. समुद्रातील बेटांप्रमाणे हे माथे एकमेकांपासून तुटतात आणि प्रत्येक ठिकाणची प्रजा आपापल्या वाटेने बदलत जाते. त्यामुळेच एखादा जीव जगात केवळ एकाच डोंगरावर आढळतो.

आंबोलीचा भेक हे याचे ठळक उदाहरण. अंगावर वाघासारखे पिवळे पट्टे असलेल्या या लहानशा भेकाचे वर्णन २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एस. डी. बिजू, वरद गिरी आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी त्याला 'झँथोफ्रायनी टायग्रीना' असे नाव दिले. त्याचा एकुलता एक नातलग म्हणजे कोयनेचा भेक. त्याची नोंद १९६३ मध्येच झाली होती. आंबोलीचा भेक पहिल्या पावसात जांभ्या दगडाच्या सड्यावरील उथळ डबक्यांत अंडी घालतो. डबके चार दिवसांत आटू शकते, म्हणून पिल्लांची वाढही घाईने होते. पर्यटकांची वाहने घाटात येऊ लागतात तीही नेमकी याच दिवसांत. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत हा भेक अतिसंकटग्रस्त गटात आहे.

केवळ नाव दिल्याने जीव वाचतो, असेही नाही. मध्य अमेरिकेतील कोस्टारिका देशात माँटेव्हर्डे नावाचे मेघवन आहे. तेथील झळझळीत केशरी रंगाच्या 'सोनेरी भेका'चे वर्णन १९६६ मध्ये झाले. १९८९ नंतर तो कोणालाही दिसलेला नाही. म्हणजे नाव मिळाल्यावर अवघी २३ वर्षे! त्याच्या नाशास बुरशीजन्य रोग कारणीभूत ठरला, की हवामान कोरडे होत गेल्याने ढग विरळ झाले, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. जंगल मात्र कोणी तोडले नव्हते. आंबोलीसंबंधी विचार करताना ही बाब विसरून चालणार नाही.

नाव देण्याची पद्धत बरीच किचकट आहे. प्रथम वन विभागाची परवानगी काढावी लागते. नंतर रात्रीच्या पावसात, विजेरीच्या उजेडात, जळवांशी झगडत नमुना मिळवायचा. त्याची लांबी-रुंदी, खवले, दात, बोटे मोजायची. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी, कोलकात्याचे भारतीय प्राणी सर्वेक्षण किंवा लंडनचे संग्रहालय येथे शंभर-दीडशे वर्षांपूर्वी जपून ठेवलेल्या नमुन्यांशी ताडून पाहायचे. आता जनुकीय तपासणीचीही जोड मिळाली आहे. शेवटी इतर तज्ज्ञांनी तपासलेला शोधनिबंध प्रसिद्ध होतो आणि 'होलोटाइप' म्हणून निवडलेला मूळ नमुना संग्रहालयात कायमचा जमा होतो. कोयना परिसरात आढळलेल्या मांजऱ्या सापाचे २०१९ मध्ये असेच नामकरण झाले. 'बोइगा ठाकरेई' या त्याच्या नावाचीच चर्चा अधिक झाली. तो बेडकांची अंडी खातो, ही त्याहून रंजक माहिती मात्र मागे पडली.

नावाचा उपयोग काय, याचे उत्तर आंबोलीतच मिळते. हिरण्यकेशी नदीच्या उगमापाशी महादेवाचे मंदिर आणि कुंड आहे. भाविक पिढ्यान्‌पिढ्या तेथे जात आले आहेत आणि कुंडातील लहान मासेही पाहत आले आहेत. २०२० मध्ये जे. प्रवीणराज, तेजस ठाकरे आणि सहकाऱ्यांनी त्यातील एका माशाचे 'शिस्टुरा हिरण्यकेशी' या नावाने वर्णन केले. पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, राज्य शासनाने जैवविविधता कायद्यान्वये मंदिर परिसरातील २.११ हेक्टर क्षेत्र जैविक वारसा स्थळ घोषित केले. नावाविना हा ठराव लिहिताच आला नसता. मात्र प्रसिद्धीचा धोकाही आहे. दुर्मीळ पाली, कोळी यांचा नेमका ठावठिकाणा छापला, की पाळण्यासाठी ते पकडणारे तेथे पोहोचतात. त्यामुळे काही संशोधक ठिकाण मुद्दाम मोघम ठेवतात.

असे शोध पश्चिमेकडेच का लागतात, असा प्रश्न गोंदिया जिल्ह्यातील वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. भूगोल हे त्याचे मुख्य कारण. साळेकसा तालुक्यातील दरेकसाच्या डोंगरात पाऊस चांगला असला, तरी सह्याद्रीसारखा ढगांचा मुक्काम नाही. जंगल पानगळीचे आहे आणि डोंगर एकमेकांपासून तितके तुटलेलेही नाहीत. परंतु आणखी एक कारण सांगितले पाहिजे. मुंबई, पुणे, कोल्हापूर येथील अभ्यासकाला सह्याद्री एका रात्रीच्या प्रवासावर आहे. आपल्याकडील मालगुजारी तलावांतले मासे आणि नागझिरा-नवेगावच्या जंगलातील किडे-कोळी पाहण्यासाठी विजेरी घेऊन रात्र-रात्र हिंडणारे अजून थोडेच आहेत.